वाळूतला महिना आणि इंदूरचं पत्र

परवा शेजारची मुलगी समुद्रावर चार दिवस राहून आली आणि म्हणाली, "काय कंटाळा आला, आजी! नुसती वाळू आणि पाणी. दुसऱ्या दिवसापासून करायचं काय तेच कळेना." मी म्हटलं, बाई गं, आम्ही अख्खा महिना वाळूत काढायचो आणि तो महिना पुरायचा नाही. तिला ती थाप वाटली असावी. मान हलवून ती निघून गेली, आणि मी आपली बसले आठवत. तिला जे सांगायचं राहिलं ते इथं लिहिते. त्या महिन्यातली एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, आणि जिच्यामुळे ती लपून राहिली ती माझी जिजीसुद्धा आता नाही.

आमचं घर बुऱ्हाणपुरात, दोन्ही बाजूंनी भिंती अंगावर आलेल्या गल्लीत. वैशाखात त्या घराची भट्टी व्हायची. आबा तहसील कचेरीत कारकून होते. तापी आटली, पाणी पलीकडच्या जैनाबादच्या काठाला जाऊन टेकलं आणि अलीकडं वाळूच वाळू उघडी पडली की रुक्मा भोईण आणि तिचा नवरा त्या वाळूत टरबुजांची नि काकड्यांची वाडी लावायचे. आबांनी कधीकाळी तिला सरकारात एक अर्ज लिहून दिला होता. त्या उपकाराखातर ती दरसाल आपल्या खोपीशेजारी आमच्यासाठीही एक खोप उभी करायची. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड, वर केळीची वाळलेली पानं. माय सकाळी घरचं आटोपून यायची, आबा कचेरी सुटल्यावर यायचे, आणि मी मात्र तिथंच मुक्कामाला. त्या वर्षी जिजीही होती.

जिजी म्हणजे माझी थोरली बहीण. मी अकरा वर्षांची, ती सतराची. आदल्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. दाजी इंदूरला, संस्थानच्या कचेरीत नव्यानं चिकटलेले. तीन मित्रांबरोबर एका खोलीत राहत होते, म्हणून जागा मिळेपर्यंत जिजी कधी सासरी, कधी आमच्याकडं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली आणि ठरलं की आता दाजीच येऊन तिला परभारे इंदूरला नेतील. दाजी तसे थट्टेखोर. लग्नात त्यांनी पंगतीत आबांच्या पानावरचा मांडा हळूच काढून घेतला होता आणि आबा हात चाचपत राहिले होते. सगळा मांडव हसला. आबा हसले नाहीत, आणि ते त्यांनी लक्षात ठेवलं. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याला ही थट्टाही थोडी कारण आहे.

वाळूत करायचं काय, ते आता सांगते. पहाटे उठून पहिलं काम झिरा उकरणं. पाण्यापासून दहा पावलांवर कोपरभर खड्डा करायचा. खालून गढूळ पाणी झिरपतं, ते करवंटीनं उपसून टाकायचं. पुन्हा भरतं, पुन्हा उपसायचं. तिसऱ्यांदा येतं ते पाणी असं नितळ नि गार की दात शिवशिवतात. जिजीच्या हाताला झिरा फार लवकर लागायचा. मग न्याहारी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा आणि कैरीचा ठेचा. ऊन चढायच्या आत वाडीला पाणी घालायचं, वेलांची तोंडं वाऱ्याकडून फिरवून ठेवायची, वाऱ्यानं उघडी पडलेली टरबुजं पुन्हा वाळूत बसवायची. दुपारी वाळू अशी तापायची की पाय ठेववत नसे. वाडीकडं जावंच लागलं तर पायांना पळसाची पानं बांधून जायचं. एरवी खोपीत पडून सागरगोटे. कच्ची केळी वाळूत पुरून वर पऱ्हाट्या पेटवायच्या आणि तासाभरानं उकरून, फुंकर घालत, मीठ लावून खायची. त्या केळ्यांत दाताखाली हमखास वाळू यायची आणि आम्ही ती केळ्यासकट गिळायचो.

उन्हं कलली की पाण्यात. जिजीनं मला तरंगायला तिथंच शिकवलं. पाठीखाली तळहात धरून म्हणायची, "अंग सैल सोड. नदी काय तुला खाते का?" आणि कधी हात काढून घेतला ते कळायचंही नाही. रुक्मा काठावरून ओरडायची, "व माय, ही सासरवाशीन हाय का मासोळी? बाहेर ये व पोरी, केस वाळतीन कधी तुये?" रात्री वाळू हळूहळू निवायची. वरची तापलेली वाळू हातानं सारून खालच्या गार वाळूत आपल्या अंगाएवढा खळगा करायचा, डोक्याशी उशीसारखा उंचवटा, वर एक सुती पासोडी की झालं अंथरूण. कोल्हे टरबुजांवर यायचे, म्हणून रुक्माचा नवरा अधूनमधून रिकामा डबा बडवायचा. टिटवी ओरडत जायची. जिजी मला अगदी बारीक आवाजात सासरच्या गोष्टी सांगायची, म्हणजे खरं तर दाजींच्याच. मला त्या ऐकायला आवडत नसत, पण तिचा आवाज आवडायचा, म्हणून ऐकायचे.

आखाजीनंतर आठ-दहा दिवसांनी इंदूरहून पत्र आलं. आबा ते घेऊन संध्याकाळी वाळूत आले. घरात आलेलं पत्र मी मोठ्यानं वाचायचं, असा आमच्याकडं रिवाज होता. मी शाळेत वाचनात पहिली, आणि आबांना ते चारचौघांत ऐकवायला आवडायचं. माय भाकरी थापत होती. जिजी कुडाआड उभी होती, तिच्या पायाची बोटं तेवढी दिसत होती. मी खाकरून ठसक्यात वाचायला लागले. वरचे सगळे साष्टांग नमस्कार झाले आणि मग आलं, "येथे जागा मिळणे फार कठीण आहे. तरी आपल्या कन्येस इकडे आणण्याची मी चेष्टा करीत आहे. आपण निश्चिंत असावे."

मला हसूच फुटलं. बायकोला न्यायची चेष्टा करतो म्हणे, आणि वर सासऱ्याला म्हणतो निश्चिंत असा! मांड्याची आठवण झाली आणि मी आणखीच हसले. वर बघते तो आबांचा चेहरा काळा ठिक्कर पडलेला. "पुन्हा वाच," म्हणाले. मी पुन्हा वाचलं, आणि खरं सांगते, दुसऱ्यांदा 'चेष्टा' हा शब्द मी मुद्दाम लांबवून वाचला. कुडाआडची बोटं दिसेनाशी झाली.

"पोरीची चेष्टा करतो? अन् मलाच लिहून कळवतो?" आबा म्हणाले.

"अहो, दुसरं काही म्हनायचं असंन त्याईले," माय म्हणाली.

"चेष्टेला दुसरं काय म्हणायचं असते? चेष्टा म्हणजे चेष्टा. मांडा पळवला तवाच मी ओळखलं होतं."

आजच्या वाचकाला प्रश्न पडेल, की बुऱ्हाणपुरात राहून यांना हिंदी येत नव्हतं काय? येत होतं की. बाजारात, टांगेवाल्याशी, दूधवाल्याशी आम्ही हिंदीच फाडायचो. पण ते बाजाराचं हिंदी. त्यात 'कोशिश' होती. पोथीतलं हिंदी आमच्या गल्लीत फिरकत नसे. आणि तिकडं दाजी नोकरीत टिकायचं म्हणून रात्री दिवा लावून शुद्ध हिंदी शिकत होते आणि ते त्यांच्या मराठीत उतरायला लागलं होतं, हे आम्हाला कोण सांगणार?

आबांनी दुसऱ्याच दिवशी कार्ड टाकलं. मला दाखवूनच टाकलं, "आमची कन्या हा चेष्टेचा विषय नव्हे. ती येथे सुखात आहे. नेण्याची तसदी घेऊ नये." त्याला आठवड्यात उलट उत्तर आलं. मी वाचायला घेतलं. "आपला रोष जाणण्याची मी पुष्कळ चेष्टा केली," एवढं वाचते न वाचते तोच आबांनी कागद हिसकला आणि चुलीत घातला. पुढं काय लिहिलं होतं ते कोणालाच कळलं नाही. जिजी चुलीशीच होती. तिनं चिमट्याकडं हात नेला आणि मागं घेतला.

त्यानंतर जिजी माणसांत यायची बंद झाली. पाण्याला आलेल्या बाया विचारायच्या, "कधी जातीस व सासरी?" म्हणून ती उजाडायच्या आधी न्हाऊन घ्यायची. झिरा मात्र रोज नवा उकरायची, कालचा चांगला असला तरी. आबा एका संध्याकाळी मायला म्हणाले, "पुनवेला पंच बसवू अन् काडी मोडून टाकू. दागिने परत पाठवू. माझी पोर मला जड नाही." आमच्यात काडीमोड होत असे, त्यात जगावेगळं काही नव्हतं. पण माय त्या रात्री जेवली नाही, आणि जिजीनं सगळ्यांना वाढलं, भांडी वाळूनं घासली. मला वाईट वाटलं का? वाटलं. आणि त्याच्याच खाली, अगदी तळाशी, बरंही वाटलं. जिजी आता जाणार नव्हती.

त्याच दिवसांत घाटाजवळच्या वाळूत उत्तरेकडचे एक महाराज कथेला बसले होते. संध्याकाळी गावातल्या बाया चटया घेऊन यायच्या. माय आणि मी गेलो, जिजी आली नाही. माय पुढं म्हाताऱ्या बायांत बसली, मी मागं आमच्या गल्लीतल्या हलवायाच्या बायकोजवळ. महाराज एका विधवेची गोष्ट सांगत होते. नदीला पूर, एकुलता एक मुलगा वाहून चाललेला. महाराजांचा आवाज भरून आला, "माँ ने उसे बचाने की बहुत चेष्टा की, बहुत चेष्टा की!" सगळीकडं डोळ्यांना पदर लागले आणि मी फिस्सकन हसले. हलवाईणीनं माझ्या पाठीत धपाटा घातला. तिचे गाल ओले होते.

"हँसती क्या है गं? बच्चा डूब रहा है!"

"पर माँ उसकी चेष्टा काहे को करती?" मी विचारलं.

"अरे, कोशिश की बेचारी ने! और क्या करती?"

माझं हसू जागच्या जागी वाळलं. आणण्याची कोशिश. रोष जाणण्याची कोशिश. मी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात पुन्हा वाचलं आणि यावेळी त्यात थट्टा कुठं सापडेना. मायकडं पाहिलं. ती इतर बायांबरोबर डोळे पुसत होती. तिनं रडणं ऐकलं होतं, शब्द ऐकला नव्हता. परत येताना ती पुढं, मी मागं. वाळूत पाय रुतत होते. सांगू सांगू म्हणत मी खोपीपर्यंत आले. जिजीनं माझा खळगा उकरून ठेवला होता. मी त्यात आडवी झाले.

असे पाच दिवस गेले. पाच दिवस मी गप्प राहिले. आबांची भीती होती, ते खरंच. मीच हसले होते, मीच शब्द लांबवला होता. पण एवढ्या वर्षांनी भीतीच्या पदराआड कशाला लपू? मला जिजी हवी होती. त्या पाच दिवसांत मी वाळूत करायचं ते सगळं अधाशासारखं करून घेतलं. तिला घेऊन पाणी ओलांडून जैनाबादला गेले आणि कैऱ्या आणल्या. तिच्या दोन्ही पायांवर ओली वाळू थापून देऊळ केलं. हात न लावता तरंगून दाखवलं. ती सगळं करायची, माझ्या मनासारखं करायची, आणि मला कशातच गोडी लागत नव्हती. रुक्मानं कापून दिलेलं पहिलं लालबुंद टरबूजसुद्धा मी अर्धवट टाकून दिलं. रुक्मा म्हणाली, "काबरं व, नजर लागली का हिले?"

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच खोपीत होतो. माय घरी, आबा कचेरीत. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. जिजी सागरगोटे खेळता खेळता थांबली.

"शेवू, ते पत्र तुला पाठ आहे का गं?"

"कोणतं?" मी उगाच विचारलं.

"पहिलं. तुझं सगळं एकदा वाचलं की पाठ होते ना." ती सागरगोट्यांकडं बघत होती. "म्हण की एकदा. चेष्टा तर चेष्टा. अक्षर तरी त्यांचं होतं."

मला पाठ होतं. मी म्हणायला लागले. 'येथे जागा मिळणे फार कठीण आहे' इथपर्यंत आले आणि पुढचं तोंडातून निघेना. मी रडायलाच लागले, आणि रडत रडत कथा, विधवा, हलवाईण, कोशिश, सगळं ओकून टाकलं.

जिजीनं सागरगोटे गोळा करून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "कथा कधीची?"

"पाच दिवस झाले."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, झिऱ्याच्या पाण्यानं तोंड धुतलं, पदर खोचला आणि चालायला लागली. पळसाची पानं कुडाला खोचलेली होती, तिकडं तिनं पाहिलंही नाही. मी पानं घेऊन मागं धावले. "जिजी, पाय भाजतील गं!" तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. आम्ही पोरं ती वाळू भर दुपारी उड्या मारत, ओरडत ओलांडायचो. ती सरळ चालत गेली.

घर ओलांडून ती पुढं गेली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ती कचेरीकडं चालली होती. आमच्या घरातली बाई कधी कचेरीची पायरी चढली नव्हती. व्हरांड्यात आबांचं मेज होतं, शेजारी हिंदी कागद पाहणाऱ्या मुन्शीजींचं, आणि दहाबारा कास्तकार कागद घेऊन उकिडवे बसलेले. त्या सगळ्यांच्या मधून जाऊन जिजी आबांसमोर उभी राहिली.

"आबा, चेष्टा म्हणजे कोशिश," ती म्हणाली.

आबांना आधी काही समजलंच नाही. मुलगी कचेरीत आली, एवढंच समजलं असावं. "घरी जा," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"जाते. आधी यांना विचारा."

मुन्शीजी चष्म्यावरून पाहत होते. आबांनी टाक खाली ठेवला. "मुन्शीजी, चेष्टा माने क्या होता?"

"चेष्टा? प्रयत्न. कोशिश," मुन्शीजी म्हणाले. "क्यों, कोई कागज़ में लिखा है?"

आबांनी मान खाली घातली. मग त्यांचं लक्ष जिजीच्या पायांकडं गेलं. टाचा लाल झाल्या होत्या, बोटांना फोड आले होते. आबांनी पायातले जोडे काढले आणि मेजाखालून तिच्याकडं सरकवले. "हे घाल. चाल," म्हणाले, आणि पगडी डोक्यावर ठेवून, साहेबाला न विचारता, अनवाणी व्हरांडा उतरले.

न्यायला कोणी आल्याशिवाय मुलगी पाठवायची नाही, ही आमच्यात दगडावरची रेघ. बापानं स्वतः उठून मुलगी जावयाच्या दारात नेऊन घालायची म्हणजे नाक कापल्यासारखंच. मायनं भीत भीत म्हटलं, "पत्र टाका, मग येतीन ते." आबा म्हणाले, "आता माझा पत्रावर भरवसा नाही." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं दोघं खांडव्याला आणि तिथून गाडी बदलून इंदूरला गेले. निघताना जिजीनं मायला मिठी मारली, आबांचं बोचकं उचललं. माझ्याशी ती बोलली नाही. मी दाराआड उभी होते आणि पुढं व्हायचा मला धीर झाला नाही.

चार दिवसांनी आबा परतले, तेव्हा माय आणि मी रुक्माच्या वाडीत होतो. ते येऊन वाळूत मांडी घालून बसले. इतके मोकळे मी त्यांना क्वचितच पाहिलेलं. मायला म्हणाले, "जावयानं दार उघडलं अन् आम्हाला पाहून रडायलाच लागला गं. म्हणतो, माझं काय चुकलं ते सांगा. आता काय सांगू त्याला, की तुझा सासरा अडाणी? मी म्हटलं, काही नाही जावईबापू, आम्हीच जरा चेष्टा केली. तर त्यानं माझे पायच धरले. म्हणे, माझ्यासाठी आपण एवढी चेष्टा केलीत!"

मायला हसू आवरेना. ती हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली, रुक्माही समजो न समजो तिच्याबरोबर हसली. खोली लहान आहे, आबा सांगत होते, मित्र दुसरीकडं गेले, जिजीनं आल्या आल्या चूल मांडली. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आबांनी असा हात कधी ठेवला नव्हता.

"पोर हुशार आहे माझी," ते मायला म्हणाले. "गाडीत जिजीनं सगळं सांगितलं. कथेतल्या शब्दाचा अर्थ उमगला, अन् त्याच घटकेला हिनं धावत येऊन तिला सांगितलं, पळभर दम धरला नाही. नाहीतर पुनवेला मी काडी मोडून बसलो असतो."

मी त्यांच्या हाताखालून निसटले आणि वाळूत पालथी पडून हमसाहमशी रडले. "जिजीची आठवन येते व तिले," माय म्हणाली. तेही खरंच होतं.